सायकलीसाठी जाहीर झालेला पैसा रस्त्यापर्यंत पोचला का?

सायकलींसाठी सरकारने मोठा निधी जाहीर केला की त्याची बातमी होते. आकडा मथळ्यात जातो, दोन दिवस चर्चा होते. पाच वर्षांनी त्या आकड्याचं काय झालं हे मात्र बहुतेकांना ठाऊक नसतं, आणि विचारायचं तर नेमकं काय विचारायचं हेही कळत नाही. हा लेख त्या प्रश्नांसाठी आहे. सरकार सायकलीवर किती खर्च करतं आणि त्यामुळे माणसं रोजच्या कामांना सायकलने जायला लागतात का, हे तपासता येतं. त्यासाठी तज्ज्ञ असण्याची गरज नाही, पण कोणता आकडा काय सांगतो आणि काय लपवतो हे माहीत असायला हवं.

पैशाचा प्रवास साधारण असा असतो: घोषणा, अंदाजपत्रकातली तरतूद, प्रत्यक्ष हाती पडलेला निधी, झालेला खर्च, उभं राहिलेलं काम आणि त्या कामाचा वापर. कालव्याच्या पाण्यासारखंच आहे हे. धरणातून किती सोडलं यापेक्षा टोकाच्या शेतापर्यंत किती पोचलं हे महत्त्वाचं. बातम्या येतात त्या पहिल्या टप्प्याच्या. नागरिकाला हवं असतं ते शेवटच्या टप्प्याचं उत्तर.

मोठा आकडा आधी लहान करून बघा

इंग्लंडचं उदाहरण घेतो, कारण तिथे या विषयाची कागदपत्रं भरपूर आहेत. २०१५ सालच्या पायाभूत सुविधा कायद्याने तिथे एक चांगली गोष्ट केली. सायकल आणि पायी चालणं यांसाठी गुंतवणुकीचं राष्ट्रीय धोरण, त्यात उद्दिष्टं आणि पैसा दोन्हींचा उल्लेख, आणि प्रगतीचा अहवाल संसदेपुढे ठेवणं, या तिन्ही गोष्टी कायद्यात आल्या. रस्ते आणि रेल्वेसाठी असली दीर्घ मुदतीची धोरणं असतात. सायकलीला तो मान पहिल्यांदाच मिळाला. पहिलं धोरण एप्रिल २०१७ मध्ये आलं.

पुढे २०२० मध्ये तिथल्या सरकारने सायकल आणि चालणं यांसाठी पाच वर्षांत दोन अब्ज पौंड देण्याचं जाहीर केलं. ऐकायला रक्कम प्रचंड वाटते. आता ती पाचने भागा: वर्षाला ४० कोटी. इंग्लंडची लोकसंख्या साडेपाच कोटींहून थोडी जास्त. म्हणजे माणशी वर्षाला साधारण सात पौंड. त्यातही पादचाऱ्यांचा वाटा धरलेला. याच्या सात वर्षं आधी, २०१३ मध्ये, ब्रिटिश संसदेतल्या सर्वपक्षीय सायकल गटाने चौकशी करून शिफारस केली होती की फक्त सायकलीसाठी माणशी वर्षाला किमान दहा पौंड हवेत आणि ते हळूहळू वीसवर न्यायला हवेत. मधल्या काळात महागाई वाढली ती वेगळीच. दोन अब्जांचा मथळा आणि माणशी सात पौंड, दोन्ही खरं आहे. पण दुसरा आकडा तुलना करण्याजोगा आहे. वेगवेगळी शहरं, वेगवेगळे देश, वेगवेगळी वर्षं एका पट्टीवर आणायची असतील तर दरडोई वार्षिक खर्च काढल्याशिवाय पुढे जाऊच नये.

दुसरी पट्टी म्हणजे एकूण वाहतूक खर्चातला वाटा. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०१६ मध्ये सुचवलं की देशांनी वाहतुकीच्या खर्चातला किमान २० टक्के हिस्सा चालणं आणि सायकल यांना द्यावा. आयर्लंडच्या आघाडी सरकारने २०२० मध्ये वाहतुकीच्या भांडवली खर्चातला (म्हणजे नव्या बांधकामांवरच्या खर्चातला) २० टक्के हिस्सा, म्हणजे वर्षाला ३६ कोटी युरो, यासाठी राखण्याचं ठरवलं. ही बांधिलकी मला फार मोलाची वाटते, कारण टक्केवारी ठरली की दरवर्षी नव्याने भीक मागावी लागत नाही. मात्र टक्केवारी दिसली की लगेच विचारायचं: कशाची टक्केवारी? भांडवली खर्चाची, की देखभाल धरून सगळ्या खर्चाची? दोहोंत मोठा फरक पडतो.

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड: हा पैसा नवा आहे का? सरकारं जुन्या योजनांमधल्या रकमा एकत्र करून नवा आकडा दाखवू शकतात. शहरांच्या सर्वसाधारण वाहतूक निधीतून, गावसुधारणेच्या योजनेतून, रस्तादुरुस्तीतून होणारा खर्चही ‘सायकलीवरचा’ म्हणून धरला जातो. एखाद्या फुटपाथची फरशी बदलली तरी ती ‘चालणं आणि सायकल’ या शीर्षकाखाली येऊ शकते. म्हणून राखीव निधी किती आणि इकडून तिकडून धरलेला किती, हे वेगळं मागायचं. इंग्लंडमध्ये मार्च २०२३ मध्ये नेमका राखीव भांडवली निधीच कापला गेला. उरलेल्या दोन वर्षांसाठी तो दहा कोटी पौंडांवर आला. बाकीच्या योजनांतून खर्च चालूच आहे असं सरकारने सांगितलं. पण राखीव पैसा हाच स्थानिक पालिकांना आराखडे करायला, अभियंते नेमायला धीर देतो. निधी एका वर्षी येतो आणि पुढच्या वर्षी जातो, तेव्हा त्या कामासाठी घेतलेली माणसं टिकत नाहीत. तीन वर्षं शिकून तयार झालेला अभियंता गेला की पुढच्या निधीच्या वेळी सगळं पुन्हा पहिल्यापासून. एखाद्या वर्षी रक्कम कमी असली तरी चालते, ती दरवर्षी येते की नाही हे त्याहून महत्त्वाचं, असं माझं मत आहे.

किलोमीटर म्हणजे नेमकं काय?

पैसा खर्च झाला की सरकार किलोमीटर सांगतं. इथे खूप सावध राहावं लागतं.

रस्त्याच्या कडेला पांढरा पट्टा ओढला तर एक किलोमीटर होतो, आणि दगडी कठड्याने गाड्यांपासून वेगळा केलेला, रुंद, सलग मार्ग बांधला तरी एकच किलोमीटर होतो. दोन्हींच्या खर्चात आणि उपयोगात अजिबात साम्य नाही. पट्ट्यावर गाड्या उभ्या राहतात आणि सायकलवाल्याला वाहनांच्या गर्दीत शिरावं लागतं. शिवाय रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे मार्ग मोजून एका किलोमीटरचे दोन करता येतात. दिशादर्शक पाट्या लावलेली शांत गल्लीसुद्धा ‘जाळ्यात’ धरता येते.

आणि सगळ्यात मोठी मेख असते चौकात. समजा चार किलोमीटरचा उत्तम मार्ग आहे, पण वाटेतल्या मोठ्या चौकापाशी तो संपतो, शंभर मीटर काहीच नाही, आणि पलीकडे पुन्हा सुरू होतो. सरकारी तक्त्यात तो ३.९ किलोमीटर. दहा वर्षांच्या मुलीला एकटीने शाळेत पाठवू का, असा विचार करणाऱ्या आईच्या हिशेबात तो शून्य, कारण तिचा निर्णय त्या शंभर मीटरवरच होतो. गाड्या जिथे वळतात तिथेच धोका सर्वाधिक असतो आणि बांधकाम नेमकं तिथेच तुटतं, कारण चौकात जागा द्यायची तर गाड्यांकडून घ्यावी लागते. एखाद्या पालिकेचा प्रामाणिकपणा पाहायचा असेल तर मी सरळ चौकाचे आराखडे मागेन.

म्हणूनच २०२० मध्ये इंग्लंडने आरेखनाचे नवे निकष आणले. मार्ग सलग, थेट, सुरक्षित, सोयीचा आणि प्रसन्न असावा, ही त्यांची पाच मूलतत्त्वं. निकष न पाळणाऱ्या कामांना केंद्राचा पैसा मिळू नये अशी भूमिका घेतली गेली, आणि ती राबवायला २०२२ मध्ये ‘ॲक्टिव्ह ट्रॅव्हल इंग्लंड’ ही वेगळी सरकारी संस्था उभी राहिली. ऑलिंपिक सुवर्णपदक विजेते सायकलपटू ख्रिस बोर्डमन तिचे आयुक्त झाले. निधी कापला गेला तरी ही चौकट उरली, हे त्यातलं जमेचं.

पॅरिसमध्ये किलोमीटर मोजण्याचं काम नागरिकांनीच हातात घेतलं. २०१५ मध्ये पॅरिसने १५ कोटी युरोंची सायकल योजना मंजूर केली. २०२० पर्यंत मार्गांचं जाळं ७०० किलोमीटरवरून १,४०० वर न्यायचं होतं. ‘पारी आं सेल’ या सायकलस्वारांच्या संघटनेने त्या योजनेतला एकेक रस्ता नकाशावर टाकला आणि झाला, चालू आहे, सुरूच नाही असं जाहीरपणे नोंदवायला सुरुवात केली. योजनेचा बराच काळ उलटून गेल्यावरही झालेलं काम किती थोडं आहे, हे त्या नकाशावर कुणालाही दिसत होतं. एकच आकडा असता तर पालिकेला स्पष्टीकरण देता आलं असतं. रस्त्यांची नावं समोर असताना ते कठीण होतं. पुढे कामांनी वेग घेतला, रिव्होली रस्त्यासारखे मोठे मार्ग झाले, आणि २०२१ ते २०२६ साठी २५ कोटी युरोंची दुसरी योजना आली. त्या भागाच्या नियोजन संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पॅरिस शहराच्या हद्दीतल्या फेऱ्यांपैकी ११ टक्क्यांहून थोड्या जास्त सायकलने आणि ४ टक्क्यांच्या आसपास मोटारीने होत असल्याचं दिसलं.

स्पेनमधल्या सेव्हिय्याने आणखी एक गोष्ट दाखवली. तिथे सायकलचा वाटा फेऱ्यांच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास होता. २००६-०७ मध्ये शहराने सुमारे ८० किलोमीटरचं एकमेकांना जोडलेलं, गाड्यांपासून वेगळं केलेलं जाळं जवळजवळ एका दमात बांधलं. त्यासाठी गाड्या उभ्या करण्याच्या हजारो जागा काढल्या. काही वर्षांत सायकलचा वाटा सहा-सात टक्क्यांपर्यंत गेला. तुकड्यातुकड्याने दरवर्षी चार किलोमीटर बांधले असते तर हे झालं नसतं, कारण घरापासून कामापर्यंतची अख्खी वाट सुरक्षित झाल्याशिवाय नवा माणूस सायकल काढत नाही. पुढे सत्ताबदलानंतर गुंतवणूक मंदावली आणि वापराची वाढही थांबली.

वापर वाढला, म्हणजे काय वाढलं?

इंग्लंडच्या २०१७ च्या धोरणात मुख्य उद्दिष्ट असं होतं: सायकलीचे ‘टप्पे’ २०१३ मध्ये ८० कोटी होते, ते २०२५ पर्यंत दुप्पट, म्हणजे १६० कोटी करायचे. टप्पा म्हणजे प्रवासाचा एका वाहनाने केलेला भाग. घरून सायकलने स्टेशनवर गेलात, तिथून रेल्वे पकडली, उतरून कचेरीपर्यंत चालत गेलात, तर फेरी एक आणि टप्पे तीन. फेरीच्या हिशेबात हा प्रवास रेल्वेच्या नावावर जमा होतो आणि सायकल दिसतच नाही. टप्पे मोजले की दिसते. म्हणून टप्पा मोजणं शहाणपणाचंच.

पण दुप्पट हा शब्द मोठा भुलवतो. ८० कोटी टप्पे तेव्हाच्या लोकसंख्येने भागा: माणशी वर्षाला पंधरा. म्हणजे सरासरी माणूस साडेतीन आठवड्यांत एकदा सायकलवर बसतो. उद्दिष्ट शंभर टक्के गाठलं असतं तरी हे प्रमाण पंधरवड्यातून एकदा इतपतच आलं असतं. फेऱ्यांच्या हिशेबात तिथे सायकलचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास राहिला आहे, तर नेदरलँड्समध्ये तो चौथ्या हिश्शाहून जास्त आहे. त्यामुळे वाढीची टक्केवारी ऐकली की कुठून कुठे, आणि माणशी किती, हे दोन्ही विचारायचं.

हे आकडे येतात कुठून? इंग्लंडमध्ये राष्ट्रीय प्रवास पाहणी होते. निवडलेल्या हजारो घरांतली माणसं सात दिवस आपल्या प्रत्येक फेरीची नोंद ठेवतात: कुठून, कुठे, कशासाठी, कशाने. देशासाठी हे चित्र बऱ्यापैकी विश्वासार्ह असतं. पण सायकलवाले मुळात कमी, त्यामुळे एखाद्या गावापुरतं पाहायला गेलं तर नोंदी मूठभरच उरतात आणि त्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. जनगणना घरोघर पोचते, पण ती दहा वर्षांतून एकदा आणि तीही फक्त कामावर जाण्याबद्दल विचारते. बाजार, शाळा, दवाखाना तिच्यात नाहीत. इंग्लंडची शेवटची जनगणना मार्च २०२१ मध्ये झाली, टाळेबंदी चालू असताना. कामावर जाण्याच्या सवयींचा तो आकडा कशाशीही ताडून पाहणं धोक्याचं आहे.

रस्त्यावरची मोजणी त्याहून सोपी वाटते. डांबराखाली तारेचं वेटोळं पुरतात, वरून धातूची सायकल गेली की नोंद होते. किंवा रस्त्यावर रबरी नळी आडवी टाकतात, चाक गेलं की हवेचा दाब कळतो. यंत्र आपलं काम चोख करतं, प्रश्न ते कुठे बसवलं याचा असतो. ते बहुधा नव्या, चांगल्या मार्गावर बसवतात. शेजारच्या धोकादायक रस्त्याने जाणारे शंभर जण नव्या मार्गावर आले की यंत्र शंभरची वाढ दाखवतं, पण शहरात नवा सायकलस्वार एकही नसतो. म्हणून एकाच रस्त्याऐवजी नदीवरचे सगळे पूल, किंवा शहराच्या मध्यभागाभोवती एक काल्पनिक वेढा, असं मोजायचं. कुणी कुठूनही आलं तरी ती रेषा ओलांडावीच लागते.

आणखी एक भेद करावाच लागतो: हौसेची सायकल आणि रोजची सायकल. २०२० च्या वसंतात रस्ते रिकामे झाले तेव्हा इंग्लंडमध्ये सायकल चालवणं झपाट्याने वाढलं आणि गाड्या परतल्यावर बरंचसं ओसरलं. रविवारी सकाळची चाळीस किलोमीटरची रपेट आनंदाची आहे, आरोग्याची आहे. पण शहराच्या वाहतुकीत ती कोणाचीही जागा घेत नाही. दोन किलोमीटरवर भाजी आणायला जाणारी फेरी मोटारीची जागा घेते. म्हणून अंतराच्या बेरजेपेक्षा मला फेऱ्यांची संख्या आणि फेरीचं कारण जास्त सांगून जातं.

कोण चालवतंय आणि कोण चालवत नाही

मला एकच आकडा निवडायला सांगितला तर मी सायकलस्वारांतलं बायकांचं प्रमाण निवडेन. इंग्लंडमध्ये पुरुषांच्या सायकलफेऱ्या बायकांच्या दुपटीहून जास्त आहेत. नेदरलँड्समध्ये बायका पुरुषांपेक्षा जास्त सायकल चालवतात. रस्ता भीतिदायक असला की चपळ तरुण पुरुष तेवढे उरतात. बायका, मुलं, म्हातारी माणसं सायकल सोडून देतात. रस्ता सुधारला की तीच पहिल्यांदा परत येतात.

अपघातांच्या आकड्यांनाही हीच मेख आहे. सायकलस्वारांचे मृत्यू कमी झाले ही बातमी चांगलीच वाटते. पण रस्ते इतके भयंकर झाले की मुलांना सायकल द्यायचंच आईबापांनी बंद केलं, तरी मृत्यू कमीच होतात. म्हणून मृत्यू भागिले सायकलने कापलेलं अंतर, असा दर पाहायचा. नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यांत चारशेहून जास्त मुलं होती. मुलांच्या हत्या थांबवा म्हणत आईबाप रस्त्यावर उतरले. आजचा सायकलींचा देश त्या संतापातूनही घडला आहे. मुलांना घरात ठेवूनही त्यांना तो आकडा खाली आणता आला असता. त्यांनी रस्ते बदलायला लावले.

कोपनहेगन हे सगळं एकत्र मांडतं. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून ती पालिका दर दोन वर्षांनी सायकलींचा जमाखर्च प्रसिद्ध करते. त्यात मार्गांची लांबी असते, कामाला-शाळेला जाण्यातला वाटा असतो, आणि लोकांना सुरक्षित वाटतं का, मार्गांची देखभाल बरी आहे का, हेही असतं. सायकल उभी करायला पुरेशी जागा नाही ही लोकांची तक्रार पालिकेने स्वतःच्याच अहवालात वर्षानुवर्षं छापली आहे. आणि सायकल का चालवता, या प्रश्नावर बहुसंख्य लोक सांगतात की पटकन पोचतो, सोपं पडतं. पर्यावरणाचं कारण देणारे थोडे. खर्च कशावर करायचा, याचं इतकं स्पष्ट मार्गदर्शन दुसऱ्या कुठल्या आकड्यातून मिळणार नाही.

उद्दिष्टं चुकतात, तेव्हा

स्कॉटलंडने २०१० मध्ये ठरवलं होतं की २०२० पर्यंत रोजच्या दहा टक्के फेऱ्या सायकलने व्हाव्यात. आयर्लंडने २००९ मध्ये तेच वर्ष आणि तेच दहा टक्के ठरवले. दोन्ही देश त्याच्या जवळपासही पोचले नाहीत. आकडा मोठा होता, पण तेवढा पैसा बाजूला काढलेला नव्हता, आणि वेग कमी पडतोय हे मध्येच लक्षात आणून देणारी मधल्या वर्षांची उद्दिष्टं जवळजवळ नव्हती. इंग्लंडच्या सरकारी लेखापरीक्षकांनी जून २०२३ मध्ये सांगितलं की धोरणातली बहुतेक उद्दिष्टं २०२५ पर्यंत गाठली जाण्याची चिन्हं नाहीत. त्यानंतर लोकलेखा समितीने आणखी मुळावर बोट ठेवलं: झालेल्या खर्चातून काय साधलं याची वाहतूक खात्याकडेच पुरेशी माहिती नाही.

ही माहिती नंतर तयार करता येत नाही. काम सुरू होण्याआधीची मोजणी नसेल तर पुढचा कुठलाही आकडा कशाशी ताडणार? म्हणून एखाद्या रस्त्यावर सायकल मार्ग मंजूर झाल्याचं कळलं की पहिली मागणी उद्घाटनाच्या तारखेची नसावी, आधीच्या मोजणीची असावी. पालिका करत नसेल तर चार माणसं वही घेऊन स्वतः करू शकतात. कामाचा एक दिवस, सकाळचे दोन तास आणि संध्याकाळचे दोन, पाऊस नसताना. शेजारच्या समांतर रस्त्यावरही त्याच वेळी. एका रकान्यात एकूण सायकली, दुसऱ्यात बायका, तिसऱ्यात एकटी जाणारी शाळकरी मुलं. काम पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांनी नव्हे, तर पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच वारी, त्याच तासांना तेच तीन रकाने पुन्हा भरायचे.